थ्रेशरची यादी आणि वहिनीचा खडू

मी आमचं गाव, इंझोरी, सोडलं त्या सकाळी एसटी फाट्यावर थांबली, तेव्हा आईने माझ्या बॅगेत तुरीच्या डाळीची पिशवी कोंबली. "मांगं पाहू नोको, जागा पकड," एवढंच ती म्हणाली. मी खिडकीची जागा पकडली आणि पाहिलं मागेच.

वर्षभरात दादाचं लग्न झालं आणि धनज गावची वहिनी आमच्या घरात आली. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत डेडलाइन मोजत होते, आणि ती माझ्या खोलीत, माझ्या कपाटात संसार लावत होती. कोणाकडे बाळ झालं, कोणाची विहीर आटली असं फोनवर विचारलं, की आई म्हणायची, "थांब, सुनेले विचारते." ज्या गावात मी बावीस वर्षं काढली, त्याची खबर मला धनजची मुलगी देणार. सरळच सांगते, मी जळायचे.

आमच्याकडे थ्रेशर आहे. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, शेतात त्याच्या गंजी, सुड्या, लागल्या, की ज्याला मळणी करायची तो आमच्या दारी येऊन नाव सांगतो. वहिनी ती नावं दाराच्या मागे खडूने लिहायची. पूर्वी तो खडू माझ्या हातात असे. मग मी ठरवलं, ही यादी वेबसाइटवर न्यायची. दोन महिन्यांचे शनिवार-रविवार खर्ची घालून मी ती एकटीने बांधली. सगळ्यांना सांगितलं, गावाची सोय होईल. खरं तर आमच्या दाराची ती फळी मला पुण्यात हवी होती.

पहिल्याच हंगामात फजिती झाली. साइट उघडल्यावर तासाभरात पुण्या-सुरतेला गेलेल्यांनी आपापल्या बापांची नावं भरून टाकली. बाहेर गेलेल्या गाववाल्यांनो, तुम्हीच ते, मी ओळखलं सगळ्यांना. शेजारच्या गोदामावशीचा नंबर लागला एकविसावा. तिचा नवरा आठच दिवसांपूर्वी गेला होता. आमच्याकडे दुःखाच्या घरची सुडी आधी निघते. त्यांनी मागायचं नसतं आणि इतरांनी कारण विचारायचं नसतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण साइट करताना सुचलंच नाही. वहिनीने माझी यादी बाजूला ठेवून थ्रेशर मावशीकडे धाडलं. मी फोनवर कडाकडा भांडले, नियम म्हणजे नियम म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, यादी तुमची चांगली हाये," ती म्हणाली. "पन तिच्यात सुतक कुठं लिवाचं?"

त्या आठवड्यात मी एक बटन बसवलं. नाव वर नेणारं, कारण न विचारणारं आणि फक्त वहिनीच्या फोनवर दिसणारं. खडू तिच्याकडे होताच, आता बटनही मीच दिलं. देताना पोटात दुखलं. साइट मात्र तेव्हापासून चालली. गाव फोनवर नंबर पाहू लागलं. मीही पाहायचे, मीटिंगमध्ये टेबलाखाली, दिवसातून दहादा.

थ्रेशर आमचं, म्हणून आमची सुडी सगळ्यात शेवटी, हा बाबांचा शिरस्ता. यंदा एका दुपारी यादी उघडली, तर पहिलं नाव बाबांचं. ते बटन वहिनीनेच दाबलेलं असणार. आईला फोन लावला. सगळं बरं आहे म्हणाली आणि घाईने ठेवला. मग वहिनीला लावला.

"बाबांले सकाळी कारंज्याले दवाखान्यात नेलं. छातीत दुखून राह्यलं होतं," ती म्हणाली. "आईनं शपथ घातली, ताईले सांगू नोको. मी फोन नाही केला. पन तुमी यादी पायताच, हे मले ठाऊक होतं."

मी दवाखान्यात पोचले तोवर बाबा उठून बसले होते आणि वहिनीच्या हातून मऊ भात खात होते. मी वाटी घ्यायला हात पुढे केला. "राहू दे, तिले सवय हाये," बाबा म्हणाले. मी स्टुलावर बसून पाहत राहिले.

गाव सोडलेल्यांनो, तुमच्या घरी आता जे कोणी राहतं त्याचा तुम्हालाही हेवा वाटत असेल, कबूल करत नसाल एवढंच. आणि मागे राहिलेल्यांनो, आम्ही साइट काढतो, ग्रुप काढतो, ते तुमच्या सोयीसाठी असतं यावर फार विश्वास ठेवू नका. माझं घर आता दाराच्या फळीत नाही, त्या यादीतही नाही. शपथही मोडली नाही आणि मला अंधारातही ठेवलं नाही, अशी वाट जिने शोधली, तिच्यापाशी ते आहे. ते तिच्यापाशी आहे याचाही मला हेवा वाटतो.