दाजींचं निदान

आमच्या दाजींइतका दोष काढण्यात पटाईत माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल अशी भीती बाळगण्याचंही कारण नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ते तपासनीस होते. साच्यातून निघालेला बिडाचा प्रत्येक नग त्यांच्यापुढे यायचा, ते त्यावर लहानशी हातोडी टक् करून मारायचे आणि कान लावून ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर माल पास, बद्द आला तर आत कुठेतरी चीर आहे, टाका बाजूला. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता हे मीही मान्य करतो. वाईट एवढंच झालं की ती हातोडी घरी न्यायला कारखान्यानं त्यांना मनाई केली नाही. नारळ आणि मडकं सगळेच वाजवून घेतात, दाजी कोबीसुद्धा वाजवून घ्यायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही निपाणीला गेलो, तेव्हा पोहे यायच्या आधीच त्यांनी सोप्यातला खांब बोटाच्या पेरानं वाजवला आणि भर बैठकीत निकाल दिला, "पोरगी चांगली हाय. खांब तेवढा पोकळ हाय." पुढे ते स्थळ जमलं, पण माझे सासरे अखेरपर्यंत त्या खांबाला टेकून बसले नाहीत.

दोष सापडला की दाजींचं काम संपायचं. पावसाळ्यात घर गळायला लागलं की ते हात पाठीमागे बांधून आढ्याकडे बघत फिरायचे आणि तिसऱ्या वाशावरचं नेमकं कोणतं कौल फुटलंय ते सांगून आरामखुर्चीत बसायचे. शिडी लावून वर चढायची ती आक्का. मी एकदा न राहवून म्हटलं, "दाजी, तुम्ही चढा की." तर म्हणाले, "मेव्हणं, दोष काढणं हे आमचं खातं. दुरुस्ती दुसऱ्या खात्याची." आक्काच्या संसारात हे दुसरं खातं एकटी आक्काच होती. भाकरी कडेला कच्ची आहे, आमटीत मीठ एका बाजूला जास्त आहे, असली निदानं ती रोज ऐकायची आणि पुढची भाकरी थापायची.

अशा माणसाच्या हातात कुणी मोटारगाडी देऊ नये. पण निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं आपली जुनी काळी गाडी त्यांना विकली. दाजी गाडीच्या चारी बाजूंनी हातोडी मारत फिरले, पत्रा खणखणीत वाजला, आणि त्यावर त्यांनी गाडी घेतली. अनगोळातल्या त्यांच्या घरापासून कारखाना इतका जवळ की तिथला भोंगा झाल्यावर निघालं तरी वेळेवर पोचता येईल. तरीही साहेब म्हणून गाडीनंच जायचं ठरलं.

ती गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करायची. म्हाताऱ्या गाडीनं एवढं करावंच. चोक ओढून दोनतीनदा सेल्फ मारला की खोकत खाकरत सुरू व्हायची, आणि दुसऱ्या कुणी तेवढ्यावर देवाला हात जोडले असते. दाजींनी निदान मांडलं. आधी संशय पेट्रोलवर गेला. बेळगावचं पेट्रोल पातळ असतं म्हणून त्यांनी एसटीच्या टपावरून कोल्हापूरचं पेट्रोल डब्यातून आणवलं. फरक पडला नाही तेव्हा गाडी व्यापाऱ्याच्या घरी कानडी ऐकून वाढली असेल, अशी कुणीतरी थट्टा केली. दाजींनी ती थट्टा मानली नाही, पण दुसऱ्या दिवशी सेल्फ मारताना "बा, बा, बा", म्हणजे ये, ये, ये, असं कानडीत चुचकारताना मी त्यांना स्वतः ऐकलंय. मग प्लग झाले, बॅटरी झाली. प्रत्येक वस्तू सुटून अंगणातल्या चटईवर यायची, वाजवली जायची आणि परत आत जायची. सीमाप्रश्नासारखंच तेही घोंगडं भिजत पडलं.

शेवटी गुन्हेगार सापडला. इंजिनाच्या पाण्यात बसवलेलं एक लहानसं बटण असतं. पाणी किती तापलंय याची खबर ते तारेतून पुढच्या काट्याला देतं. दाजी त्याला 'खबऱ्या' म्हणायचे. सकाळी काटा अगदी तळाला असायचा. म्हणजे इंजिन गार आहे, एवढा साधा त्याचा अर्थ. दाजींना तो पटत नव्हता. "अंगणात एवढी थंडी न्हाय, आन ह्यो खबऱ्या म्हंतोय इंजिन बर्फ झालंय. एकतर खबऱ्या खोटं बोलतोय, न्हायतर इंजिनाला खरंच हुडहुडी भरतीया." दोन्ही शक्यतांवर एकदम उपाय करायचा म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. काट्यावर विश्वास ठेवायचा सोडून इंजिनाच्या कपाळाला हात लावून ताप बघायला सुरुवात केली, आणि संध्याकाळी गाडी घरी आली की इंजिनावर वाकळ घालायची प्रथा पाडली.

ती वाकळ आमच्या आईनं शिवलेली होती. आपली जुनी लुगडी एकावर एक घालून, जांबोटीच्या पावसात दारात बसून, तिनं ती आक्काच्या लग्नासाठी टाके घालून पुरी केली होती. आक्का म्हणाली, "अवो, दुसरं कायबी घ्या, गोणपाट घ्या. ती आईची वाकळ हाय." दाजी म्हणाले, "गोणपाटाला ऊब न्हाय. आन तुला काय गं, तू चुलीम्होरं असतीस. ती बिचारी अंगणात असती." 'बिचारी' म्हणजे गाडी. आक्कानं चुलीत लाकूड सारलं. मी त्या दिवशी तिथेच होतो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल माझ्या मनात जे आलं ते छापण्याजोगं नाही.

वाकळ घातल्यापासून गाडी सुधारली नाही, बिघडली. दोनतीन सेल्फांची गाडी आता मुळीच सुरू होईना. दाजींनी अनुमान काढलं की थंडी फार खोल शिरलीय, आणि वाकळ आणखी नीट, कडा आत खोचून घालायला लागले. दिवसा ती वाकळ अंगणातल्या गाडीच्या छपरीत खिळ्याला लटकलेली असायची. आमच्याकडच्या पावसात छपरीत लटकवलेलं काही वाळतं का? संध्याकाळी तीच ओलसर वाकळ गरम इंजिनावर.

मग सकाळी गल्ली गोळा व्हायची. शेजारचे मास्तर, समोरचे गवंडीकाम करणारे आप्पा, दूध घालायला आलेला गवळी, सगळे मागून खांदा लावायचे. दाजी आत सुकाणू धरून, मान बाहेर काढून, इंजिनाचा आवाज ऐकत "हां, लावा रं, जरा डावीकडनं" असं सांगायचे. गल्लीला उतार होता म्हणून बरं. कित्येकदा कारखान्याचं फाटक दिसायला लागल्यावर गाडी सुरू व्हायची, आणि दाजी ऐटीत आत शिरायचे. कुठे लग्नाकार्याला जायचं असलं की आक्कासुद्धा नऊवारीचा पदर खोचून ढकलायची, आणि गाडी सुरू झाली की पळत पळत दार उघडून आत उडी मारायची. थांबवली तर परत बंद पडेल म्हणून दाजी थांबायचे नाहीत. उभ्या गाडीत शांतपणे पाऊल ठेवून बसायचं सुख माझ्या बहिणीला माहीतच नव्हतं.

एका श्रावणात मी खानापुराहून त्यांच्याकडे गेलो तर आक्का अंथरुणावर. ताप होता, खोकला होता, आणि "जरा कणकण हाय रं" असं तिचं म्हणणं होतं. दोन चादरी आणि एक घोंगडं घालूनही तिचे दात वाजत होते. दाजी कारखान्यात. दुपारी ती डोळे मिटूनच म्हणाली, "आईची वाकळ दे." मी छपरीत गेलो. वाकळीला पेट्रोलचा आणि ओलीचा वास येत होता, आईच्या हिरव्या लुगड्याच्या पट्टीवर तेलाचे डाग होते. मला खरोखर रडू आलं आणि रागही आला. चुलीपुढे बसून मी ती दोन्ही बाजूंनी कडकडीत वाळवली आणि आक्कावर घातली. तिनं ती नाकापर्यंत ओढून घेतली.

संध्याकाळी गाडी आली. दाजी सवयीनं छपरीत गेले, खिळा रिकामा बघून "वाकळ कुटं हाय गं?" म्हणत घरात आले आणि दारातच थांबले. भांडायचं ठरवून मी उठलोच होतो. दाजी पुढे आले, तिच्या कपाळावर हात ठेवला, मग तिला कुशीवर वळवून पाठीवर बोटाचं पेर वाजवायला लागले. उजवीकडे वाजवलं, डावीकडे वाजवलं, कान लावून पुष्कळ वेळ ऐकलं. "दाजी, ती बाई आहे, बीड नव्हे," मी म्हटलं. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "डावीकडं खाली बद्द येतंय." त्या रात्री गाडी उघडीच राहिली.

सकाळी आक्काला धाप लागली. ओठ पांढरे पडले होते, हाकेला ओ धड देईना. तिला लगेच दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि बाहेर पाऊस असा की रिक्षा दिसेना. आम्ही तिला वाकळीसकट उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. मी गल्लीत हाका मारल्या. मास्तर, आप्पा, गवळी, गोणपाटाच्या खोळी डोक्यावर घेऊन सगळे धावत आले आणि नेहमीच्या जागी गाडीला खांदे लावून उभे राहिले. दाजींनी एक रिवाज म्हणून किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. इतकी अचानक की मास्तर चिखलात गुडघ्यावर आले. पाऊस सोडला तर फक्त त्या इंजिनाचा आवाज. दाजींचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांची फसवणूक केली. आणि मग, देवाशपथ सांगतो, त्या माणसानं गाडी बंद केली.

"दाजी!" मी ओरडलो.

"आवं, का सुरू झाली ते बगाय नगं?"

मागून वाकळीतून आक्काचा आवाज आला. किती तरी वेळानं ती बोलली होती. "अवो, मी मेल्यावर बगा."

दाजींनी किल्ली फिरवली. गाडी परत पहिल्या झटक्यात सुरू झाली. नंतर दवाखान्यापर्यंत त्यांनी काटा बघितला नाही, आवाज ऐकला नाही, फक्त पाण्यातून वाट काढत गाडी हाणली. रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं गाडीला शिव्या देतायत. जवळून ऐकलं तर रामरक्षा होती, आणि तीही चुकत होती.

डॉक्टरांनी आक्काला तपासलं. पाठीवर त्यांनीही बोटांनी वाजवलं, मग नळी लावली. "न्यूमोनिया. डाव्या बाजूला, खालच्या भागात," ते म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं." गाडी घेतल्यापासून दाजींचं हे पहिलंच निदान तंतोतंत बरोबर आलं होतं. ते डॉक्टरांना सांगून मिरवतील म्हणून मी वाट बघत होतो. दाजी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले. ताप उतरल्याचं नर्सबाईंनी थर्मामीटर दाखवून सांगितलं तेव्हासुद्धा त्यांचा विश्वास बसला नाही. "ह्यो बी खबऱ्याच," म्हणाले, आणि स्वतः आत जाऊन कपाळाला हात लावून आले.

आक्का बरी होऊन घरी आली. वाकळ तिच्या खाटेवर राहिली आणि गाडी रोज सकाळी मुकाट्यानं सुरू व्हायला लागली. कारण शेंबडं पोर सांगेल. गरम इंजिनावर ओली वाकळ, तिची वाफ, वाफेचं पाणी रात्रभर तारांवर आणि प्लगांवर बसायचं, सकाळी ठिणगी कुठून पडणार? मी हे दाजींना उलगडून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तसं न्हवं. खबऱ्याला अक्कल आली." अखेरपर्यंत त्यांनी आपली चूक कबूल केली नाही. फक्त त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ते आक्काच्या खाटेपाशी जायचे, कपाळाला हात लावायचे, पाठीवर बोटाचं पेर वाजवायचे आणि कान लावून ऐकायचे. "मला काय धाड भरलीया?" म्हणून आक्का करवादायची, पण पाठ पुढे करायची. कौलं मात्र अजून तीच शाकारत होती, हेही सांगायला हवं.

गाडी पुढे भंगारात गेली. मग दाजीही गेले. मागे बेळगावला गेलो तेव्हा आक्का वाकळ पांघरून दारात उन्हाला बसली होती. वाकळीवरचा तेलाचा डाग अजून तसाच आहे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ती जराशी लाजून म्हणाली, "पाठीवर वाजीव की रं जरा." मी बोटाचं पेर वाजवलं, डावीकडे, उजवीकडे.

"खणखणीत आहे," मी म्हटलं.

आक्का वाकळ खांद्यावर ओढून घेत म्हणाली, "एवढ्या बिगीनं न्हवतं सांगत त्ये. लई येळ ऐकत बसायचं."