शेजारची मुलगी

अरुणा कुलथे धावायला लागली ती शाळेची बस रोज चुकायची म्हणून, असं तिचे वडील सगळ्यांना सांगत. भालचंद्र कुलथे मूळचे नाशिकचे. केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीत आले आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये दोन मुली वाढवल्या. अरुणा थोरली. धाकटी चंद्रप्रभा तिच्याहून पाच वर्षांनी लहान, पण एवढं लांबलचक नाव घेऊन हाक मारायला कुणाला वेळ होता? ती सगळ्यांची प्रभाच झाली.

क्वार्टरांमागच्या मैदानात अरुणा फेऱ्या मारायची आणि प्रभा बाबांचं मनगटी घड्याळ दंडापर्यंत चढवून सेकंद मोजायची. मोजताना चुकायची, मग अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायची. "ताई, आज तू रेकॉर्ड तोडलंस!" कुठलं रेकॉर्ड, ते दोघींनाही ठाऊक नसे.

प्रभा नऊ वर्षांची असताना तिचा घसा धरला, ताप आला आणि मग गुडघे सुजले. आई म्हणाली, वाढीचं दुखणं असेल. डॉक्टरांकडे नेईपर्यंत तापाने आपलं काम केलं होतं. हृदयाची एक झडप खराब झाली होती. धावणं, जिने चढणं, सगळं बंद. दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन. ते इंजेक्शन असं दुखायचं, की दोन दिवस पाय टेकवत नसे. आईबाबांना प्रत्येक वेळी रजा कुठून मिळणार? म्हणून चौदा वर्षांची अरुणा तिला न्यायची, आणि परत येताना बसस्टॉपपासून घरापर्यंत पाठुंगळी आणायची. प्रभा कानाशी म्हणायची, "ताई, हळू. तू घोडा नाहीस." आणि अरुणा मुद्दाम दुडकी चाल धरायची.

एवढी माया होती. म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

अठ्ठ्याहत्तर साली अरुणा कॉलेजात गेली आणि आठशे मीटरमध्ये विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. सराव इंडिया गेटजवळच्या मोठ्या स्टेडियमवर व्हायचा. संघातल्या मुली मोठ्या शाळांतून आलेल्या, कुणाचे वडील कर्नल, कुणाचे डॉक्टर. त्या धडधाकट, हसऱ्या मुलींत अरुणाला फार बरं वाटे. तिथे कुणी औषधाचं नाव काढत नसे. तिने घरी बहीण आहे हे कुणाला सांगितलंच नाही. विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही, अशी ती स्वतःची समजूत घालायची. खरं म्हणजे कुणी विचारू नये याचीच ती काळजी घ्यायची.

आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या निवड चाचणीच्या दिवशी ती आपले स्पाइक्सचे बूट घरीच विसरली. आठशेची शर्यत लागायला अर्धा तास होता. ती प्रेक्षकांच्या पायऱ्यांजवळ रडकुंडीला येऊन उभी असताना समोरून प्रभा आली. आईचा डोळा चुकवून, दोन बसेस बदलून, बूट छातीशी धरून. वय चौदा, अंगाने मात्र दहाची वाटावी अशी. ओठ जांभळे. पाय सुजलेले, म्हणून कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सोडलेल्या. तिला एवढी धाप लागली होती, की दोन पावलं टाकून ती कठड्याला धरायची. खोकला थांबेना.

सुरिंदर नावाची संघातली मुलगी अरुणाशेजारीच होती. तिने विचारलं, "ये कौन है? इतना क्यों हाँफ रही है?"

अरुणाच्या तोंडून निघून गेलं, "पड़ोस की लड़की है. मम्मी ने भेजी होगी."

प्रभा तीन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने अरुणाकडे एकदा पाहिलं. मग बूट पुढे केले आणि श्वास जुळवत हिंदीत म्हणाली, "दीदी, आंटीजी ने दिए हैं."

आणि वळून निघून गेली. बसस्टॉपपर्यंत तिला कुणी सोडलं नाही. अरुणाने बूट घातले, धावली, आणि निवडलीही गेली.

घरी प्रभाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अरुणानेही काढला नाही. एकच फरक पडला. त्यानंतर इंजेक्शनच्या दिवशी प्रभा म्हणू लागली, "ताई, तुझी प्रॅक्टिस असेल. मी आईबरोबर जाईन." आणि अरुणाने ते मान्य केलं. सुटल्यासारखंही वाटलं तिला. हे तिने कितीतरी वर्षांनी कबूल केलं.

पुढच्या हिवाळ्यात दिल्ली राज्य स्पर्धेत अरुणा पहिली आली. एका हिंदी पेपरचा बातमीदार वही घेऊन पुढ्यात उभा राहिला. प्रेरणा कुणाची, असं त्याने विचारलं. वडिलांचं नाव घ्यावं तर ते कधी शर्यत बघायला आले नव्हते. आणि मग जी बहीण दीड वर्ष लपवली होती, तीच तिने काढून पुढे ठेवली. माझी लहान बहीण फार आजारी आहे, मी तिच्यासाठी धावते, ती रोज मैदानावर बसून माझी वेळ मोजते. बोलता बोलता तिचे डोळेही भरून आले, आणि ते खोटं नव्हतं, हेच वाईट.

पेपरात चार कॉलम आलं. आईने कात्रण कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. वाचून तिला काही खटकलं नाही. ती दिवसभर ऑफिसात; मुली मैदानावर काय करतात हे तिला कुठे ठाऊक होतं?

प्रभाला तेव्हा हॉस्पिटलात ठेवलं होतं. पायांचं पाणी उतरेना, आणि झडपेचं ऑपरेशन करायचं असं ठरत होतं. आता बातमीदाराला दोघींचा फोटोही छापायचा होता. तो वॉर्डातच आला. अरुणा पलंगाच्या कडेला बसली. प्रभा एक शब्द खरा बोलली असती तर तिथल्या तिथे सगळं संपलं असतं.

"तुम सच में रोज़ जाती थी?" त्याने विचारलं.

"हाँ," प्रभा म्हणाली. "दीदी मुझे पीठ पर बिठाकर ले जाती थी."

पाठुंगळीचं तेवढं खरं होतं. फोटो छान आला.

मग एका मराठी मंडळाने सत्कार ठेवला. अध्यक्ष तात्यासाहेबांनी ती बातमी मराठीत करून, आवाज लावून वाचली. पहिल्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. शाल-नारळ हातात घेऊन अरुणा बोलायला उभी राहिली आणि तिला ते असह्य झालं.

"यातलं काही खरं नाही," ती म्हणाली. "मी प्रभासाठी काहीच केलं नाही. मला तिची लाज वाटायची."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "केवढा हा विनय!" तात्यासाहेब माइकवरून म्हणाले. "इतकं करूनही पोरीला कमीच वाटतं!" आईने तिला जवळ घेतलं. त्या टाळ्या अरुणाला चपराकीसारख्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत ती एकटीच वॉर्डात गेली.

"प्रभा, त्या दिवशी स्टेडियमवर मी काय म्हटलं ते तू ऐकलंस ना?"

"माझं हृदय बिघडलंय ताई. कान चांगले आहेत."

"मग पेपरवाल्याला खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? मी पड़ोसची आहे म्हणून?" प्रभा उशीला टेकली. "मला ती पेपरातली प्रभा आवडली. ती रोज मैदानावर जाते. आजारी पडल्यापासून मी एकदाच गेले."

अरुणा रडायला लागली. "रागव ना माझ्यावर. काहीतरी बोल."

"रागावले होते. बसमध्ये रडले. आईला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली." तिला मधेच थांबून श्वास घ्यावा लागला. "पण आता तू रडत बसलीस, तर तुझी समजूतही मीच काढायची का? मी दमते गं."

अरुणाने डोळे पुसले. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं, की माफी मागणं हेही आजारी माणसावर ओझं टाकणं असू शकतं.

त्याच आठवड्यात तिने सरावानंतर संघातल्या मुलींना सांगितलं. ती शेजारची नव्हती, माझी सख्खी बहीण होती. वाटलं होतं, मुली तोंड फिरवतील. सुरिंदर बुटाची नाडी सोडत म्हणाली, "हमें तो उसी दिन पता था, यार. शक्ल एक जैसी है दोनों की. हमने सोचा, तुझे शर्म आती होगी, पूछना ठीक नहीं."

म्हणजे त्या दिवसापासून त्या तिला सांभाळून घेत होत्या. अरुणाला मान वर करवेना.

ऑपरेशनला रक्त लागणार होतं. संघातल्या चार मुली आल्या, सुरिंदर सगळ्यांत पुढे. अरुणानेही दिलं. चिठ्ठीवर नात्याच्या रकान्यात 'बहन' लिहिताना तिचे कान तापले. समोरच्या कारकुनाने तर वर पाहिलंही नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. महिन्याभरात प्रभाच्या ओठांवर रंग आला.

आता इथे गोष्ट थांबवली तर अरुणा फार चांगली ठरेल, आणि ते तिलाच चालणार नाही. दोन वर्षांनी आर. के. पुरमच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक बाई तिच्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "आप वही हैं ना, बहन वाली? मैंने पढ़ा था." बाहेर सतरा मुली बसल्या होत्या. अरुणा म्हणाली, "जी." नोकरी मिळाली.

घरी येऊन तिने प्रभाला हे सांगितलं. प्रभा खूप हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "पुन्हा कुणी विचारलं तर खरं सांग हं. मला आता त्या पेपरातल्या मुलीचा कंटाळा आलाय."

प्रभा पुढे एकवीस वर्षं जगली. ग्रंथपालाचा कोर्स करून एका सरकारी ग्रंथालयात लागली, सुजलेल्या पायांमुळे कधी घालता आल्या नव्हत्या त्या उंच टाचांच्या चपला बाजारातून आणून मिरवल्या, आणि थोरल्या बहिणीला रोज फिरायला न्यायची सवय लावून घेतली. अरुणा तिच्यासोबत चालताना मुद्दाम रेंगाळायची, तिला दम लागू नये म्हणून. प्रभा वळून ओरडायची, "ताई, पाय उचल! लोकांना वाटेल, आजारी तूच आहेस."

अरुणाबाई आता सत्तरीच्या जवळ आहेत. त्यांनी शिकवलेल्या मुली भेटायला येतात, जुन्या शर्यतींबद्दल विचारतात. बाई सगळं सांगतात, स्टेडियमवरचं ते वाक्यसुद्धा, जसंच्या तसं हिंदीत. मुली म्हणतात, "मॅडम, जाने दीजिए, तब आप बच्ची थीं."

"एकोणीस वर्षांची होते," बाई म्हणतात, आणि चहा ठेवायला उठतात.