नाना आणि भोकांचा कागद

सकाळी कंपनीचा भोंगा झाला की सगळी पिंपरी घड्याळं लावून घ्यायची. नाना मात्र आपलं घड्याळ कानाशी धरून म्हणायचे, "भोंगा वाजवणारा माणूसच ना? त्याला डुलकी लागत नसेल?"

मुलांनो, तुम्ही तिकडे बसून फोनवर आपल्या घराची घरपट्टी भरता. ऐंशी सालानंतर आमच्या कर कार्यालयात संगणकाची बिलं पहिल्यांदा आली, तेव्हा नाना तिथले सर्वांत जुने कारकून होते. गल्ली न् गल्ली पायी फिरून घरांची नोंदवही त्यांनीच लिहिली होती. मला इंग्रजी येत असल्याने त्या वहीवरून संगणकाचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. "बाई, म्हणूनच तुमच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं," असं ते मला तोंडावर सांगत.

फॉर्म जीपने पुण्याला गेले. तिकडून बिलांचा गठ्ठा आणि कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापलेली यादी आली. नानांनी तो कागद उजेडात धरला. "ह्याला भोकं कशाला? काय निसटून जातंय त्यातनं?" सगळे हसले. मीही हसले.

पुढचे तीन दिवस नाना पट्टी धरून यादीची ओळ न् ओळ वहीशी ताडत बसले. चौथ्या दिवशी वही माझ्यासमोर आणून ठेवली. पिंपळे गुरवमधल्या एका घरक्रमांकाखाली दोन नावं होती. पुढच्या घराला थोरल्या भावाचं, परसातल्या खोलीला धाकट्याच्या विधवेचं, पारूबाईचं. यादीत पारूबाई नव्हती.

"फॉर्मवर एका क्रमांकाला एकच चौकोन आहे, नाना. मी पहिलं नाव घातलं. पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

"पुढच्या वर्षी ती त्या खोलीत असेल का? तिच्या नावाची पावती आहे म्हणून दीर गप्प आहे. उद्या सगळ्या घराचं बिल त्याच्या एकट्याच्या नावानं गेलं, तर तो काय करेल?"

मी दोन कोरे फॉर्म पुढे ओढले.

नानांनी दिराचं बिल गठ्ठ्यातून काढून आपल्या खणात टाकलं आणि कुलूप लावलं. मी क्रमांकापुढे 'अ' आणि 'ब' घालून दोन नवे फॉर्म भरले. ते त्यांनी दोनदा वाचले, आणि फॉर्म मांडीवर घेऊन स्वतःच जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

नवं बिल आल्यावर पारूबाई कार्यालयात आली. "मला वाचता येत न्हाई, नाना. हाय का माझं नाव?"

नानांनी पट्टीचं टोक नावाखाली टेकवलं.

"लई बारीक हाय की वो!"

"बारीक असलं तरी तुझंच आहे."

निवृत्तीच्या दिवशी हातातला नारळ सावरत ते मला म्हणाले, "यंदा आलं म्हणून बिनघोर राहू नका. यंत्राला लाज नसते. दरवर्षी बघा." मी नोकरीत होते तोवर दरवर्षी बघितलं.

तुमचे आजोबा गेल्यावर घर माझ्या नावावर झालं. परवा तुम्ही फोनवर पावती पाठवलीत. वर लिहिलंत, "भरली गं आजी, बघायचीसुद्धा गरज नाही." मी चष्मा लावला, फोन खिडकीशी नेला आणि आकडा सोडून आधी नाव वाचलं. बरोबर होतं.

तरी पुन्हा वाचलं.