दोन रिंगा आणि चालू लूम

घरोघरी जाऊन रिपेरिंग करणाऱ्या माझ्या दोस्तांनो, आजचा हा प्रकार वाचाच.

सकाळी कामतघर भागातून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, फ्रिज बंद पडलाय म्हणून. मी दुसऱ्यांच्या घरी एसी खोलून बसलो होतो. म्हटलं, "अर्ध्या तासात फोन करतो." केलाही, वेळेवर, दोनदा. उचलला नाही. मला वाटलं, दुसरा कोणी मिळाला असेल. विषय सोडून दिला.

दुपारी त्याचाच फोन. "काय दादा, फोन न्हाय का काय न्हाय! आईचं इन्सुलिन शेजाऱ्यांच्या फ्रिजात नेऊन ठेवलं. शेवटी दुसऱ्याला बोलावला."

मी चिडूनच म्हणालो, "अरे, दोनदा केला होता फोन!"

"मी ड्युटीवर हाय दादा, आत्ता जेवायला भायेर आलोय. लूम चालू असताना रिंग कुठं ऐकू येते? मेसेज तरी टाकायचा."

माझे वडील ह्याच कामतघरात लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, होते. डबा घेऊन गेलेली आई त्यांना कधी हाक मारायची नाही. समोर जाऊन हात हलवायची आणि त्यांनी मान वर करेपर्यंत तिथंच उभी राहायची.

आणि मी दोन रिंगा देऊन मोकळा झालो.

तुम्ही गिऱ्हाइकासाठी कुठपर्यंत उभे राहता?