लोड मत लेना

पवनचक्कीची घूंघूं एकदम शिट्टीसारखी झाली तेव्हा गच्चीवरच्या कंट्रोल पॅनेलपाशी मी एकटीच होते. आणि स्विच मीच खाली केला होता.

दिल्लीजवळच्या मानेसरमध्ये एका कारखान्यात मी इंटर्न होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सांगितलेलं तंतोतंत करायचं, एवढंच मला येत होतं. सुपरवायझर दहियाजी जिना उतरताना म्हणाले होते, "आँधी आ रही है. तू लोड मत लेना, मैं आया."

कॉलेजात शिकले तो लोड म्हणजे विजेवर चालणारी उपकरणं. दिवे, पंखे, बॅटरी. मी लोड बंद केला.

वारा पाती फिरवतो आणि जनरेटर त्या गतीची वीज करतो. ती वीज वापरात असली की जनरेटर पात्यांना मागे खेचतो. तोच त्यांचा लगाम. विजेला जायला वाटच नसली, तर चेन उतरलेल्या सायकलच्या पेडलसारखी पाती मोकाट सुटतात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही बरे पडले होते.

आकाश धुळीने पिवळं झालं. खांब थरथरू लागला. खाली शिफ्ट सुटली होती, माणसं कंपनीच्या बसमध्ये चढत होती. पातं तुटलं असतं तर त्यांच्यावरच. मी ब्रेकच्या बटणाकडे हात नेला.

"हाथ मत लगा!" दहियाजी धापा टाकत वर आले. "इस स्पीड पे ब्रेक मारा तो जनरेटर फुँक जाएगा. लोड किसने हटाया?"

"मी... मैंने. आपने बोला था ना सर, लोड मत लेना."

"अरे बेटा! मतलब टेन्शन मत लेना!"

मग खाली ओरडले, "बसें हटाओ वहाँ से!" आणि जादा वीज जिरवायला ठेवलेल्या हीटरच्या कॉइल एकेक करून चालू केल्या. पहिलीने काही झालं नाही. दुसरीनेही नाही. शेवटची लाल झाली तशी शिट्टी हळूहळू उतरली. पुन्हा घूंघूं.

मी हीटरपाशी बसले. ऐन मे महिन्यात माझे हात गार पडले होते. ज्या वाऱ्याला घाबरले, त्याच्याच उष्णतेवर ते शेकले.

"सर, सर्टिफिकेट मिळेल... मिलेगा ना?"

"मिलेगा. पहले हिंदी सीख ले."

ऊर्जा नुसती अडवता येत नाही, तिला वाट द्यावी लागते. आणि दिल्लीकडे कुणी लोड म्हणालं, तर आधी विचारावं, कुठला?