मिटवलेली फट

प्लोव्दिवच्या त्राकिया वसाहतीत राहणाऱ्या रुम्याना तोपचिएवाला ऑफिसात सगळे शिंपीण म्हणत. तिने आयुष्यात एक पडदाही धड शिवला नव्हता. शर्टाचं बटण तुटलं की तिचा नवरा इल्को निमूटपणे स्वतःच सुईदोरा घेऊन बसे. पण कॉम्प्युटरवर दुसऱ्याचं फाटकं शिवायचं म्हटलं, तर सगळ्या दक्षिण बल्गेरियात तिचा हात धरणारं कोणी नाही, असं तिचा मालक ल्युबेन गिऱ्हाइकांना सांगे. ल्युबेन दिवसाला दहा थापा मारतो, पण ही थाप नव्हती.

काम असं की ऑस्ट्रियातला, जर्मनीतला कुणी इंजिनियर यंत्राचा एखादा भाग कॅड या आराखड्यांच्या प्रोग्रॅममध्ये काढतो आणि फाइल इकडे पाठवून देतो. तो भाग वजन पेलेल की मोडेल, हे कॉम्प्युटरला विचारायचं तर आधी त्याच्या अंगभर बारीक चौकोनांची जाळी विणावी लागते. मग एकेका चौकोनावर किती ताण येतो त्याचं गणित मांडता येतं. त्या गणिताला फायनाईट एलिमेंट असं भारदस्त नाव आहे. भानगड ही, की एका प्रोग्रॅमची फाइल दुसऱ्यात उघडली की ती वाटेत मार खाऊन आल्यासारखी दिसते. कडा केसभर सरकलेल्या, पृष्ठभागांमध्ये फटी, कुठे एकाच जागी दोन पापुद्रे, कुठे नुसती चिरफळी. त्यावर जाळी टाकली की ती फाटते. रुम्याना या फटी मिटवायची, पापुद्रे सोलायची, कडेला कड जुळवायची आणि मग जाळी घालायची. तिच्या जाळीत सगळे चौकोन असत. नाइलाजाने गणित कच्चं करणारा एखादा त्रिकोण घालावा लागला, तर त्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीतही कुणाशी बोलत नसे.

तरुणपणी ती माल उचलणाऱ्या गाड्यांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होती. कारखाना बंद पडला तशी काही वर्षं दुकानात चीज कापत उभी राहिली, आणि चाळिशी उलटल्यावर हे काम शिकली. माउस हातात आला तेव्हा पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं, असं ती म्हणे. त्यामुळे हे काम गेलं तर काय, या विचाराचीही तिला भीती वाटे. ही भीती लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या भीतीनेच केलं.

गिऱ्हाइकांत तिचा लाडका होता राईनहोल्ड. ग्रात्सच्या बाजूचा. ऐन उमेदीची चार-पाच वर्षं तो प्लोव्दिवला राहून गेला होता, आणि आमच्यासारखं बोलायला, आमच्यासारखं भरपूर लसूण घालून आतड्यांचं सूप प्यायला शिकला होता. तिला तो आमच्या मुलांसारखा ‘काको रुमी’ म्हणे. काको म्हणजे ताई. परक्या देशातल्या इंजिनियरने ताई म्हणावं याचं तिला फार अप्रूप होतं.

एप्रिलमध्ये त्याची एक फाइल आली. सफरचंदं तोडणाऱ्या बायांना झाडाच्या उंचीवर नेणारा पाळणा, आणि त्या पाळण्याचा हात. हाताच्या बुडाशी शेजारी शेजारी दोन पोलादी पट्ट्या होत्या आणि त्यांच्यामध्ये बारीकशी फट. फाइल इतकी फाटकी होती की सकाळपासून रुम्यानाने तसल्या फटी शेकड्यांनी मिटवल्या होत्या. ही जरा मोठी दिसली म्हणून तिने राईनहोल्डला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या बाजूचा आवाज मेला होता. तो ओठ हलवी, हातवारे करी, पण ऐकू काही येत नव्हतं. तिचं मात्र त्याला ऐकू जात होतं.

“जाऊ दे रे, एवढंच सांग,” ती म्हणाली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. “या दोन पट्ट्यांमधली फट. मिटवू ना?”

त्याने मान वर केली आणि खाली आणली. तिने फट मिटवली.

आता आमच्याकडे ‘हो’ म्हणताना मान आडवी हलते, आणि ‘नाही’ म्हणताना हनुवटी वर जाते. बाकी बहुतेक युरोपात सगळं उलटं. इतकी वर्षं परदेशी गिऱ्हाइकांशी बोलून रुम्यानाने डोक्यात पक्कं बसवलं होतं, की परक्याची मान खाली-वर झाली म्हणजे होकार समजायचा. त्यात चुकीचं काही नव्हतं. हिशेब हिरवागार आला, म्हणजे कुठेच धोक्याचा ताण नाही. भरपूर ताकद आहे म्हणून राईनहोल्डकडे पट्ट्या आणखी पातळ करून टाकल्या. उन्हाळ्यात पाळणे तयार झाले.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी राईनहोल्डने तिला फोटो पाठवला. बागेतलं यंत्र, मागे लाल सफरचंदं, खाली ‘काको, बघ आपलं बाळ!’ असं लिहिलेलं. तिने फोटो मोठा केला. हाताच्या बुडाशी दोन पट्ट्यांमधून पलीकडचं ऊन दिसत होतं.

ती बघतच राहिली. पावसाचं पाणी साचून गंज चढू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली फट होती ती. फाइलीचा दोष नव्हता. दोन फळ्या सुट्ट्या असल्या तर सहज वाकतात, एकमेकींना चिकटवल्या तर वाकता वाकत नाहीत. तिने चिकटवून हिशेब दिला होता. आणि मग तिला तो कॉल आठवला, आणि राईनहोल्डची हनुवटी. आधी वर गेली होती ती. आवाज असता तर आमच्या माणसाच्या नकारासोबत येणारी ‘च्च’ तिला ऐकू आली असती. तिच्याशी बोलतोय म्हणून तो तिच्यासारखं ‘नाही’ म्हणाला होता, आणि तो परका म्हणून तिने त्याच्यासारखं ‘हो’ वाचलं होतं.

तिने फट उघडून जाळी पुन्हा घातली आणि गणित चालवलं. बुडाशी लाल आलं. ती ल्युबेनच्या खोलीत गेली.

“ल्युबेन, पाळण्यातली ती फट खरी होती. मी मिटवली.”

त्याने तिच्या स्क्रीनपाशी येऊन पाहिलं. “काको, कोपऱ्यात लाल दिसलं की घाबरायला कधीपासून लागलीस? कोपऱ्यात लाल येतंच.”

“ते खोटं लाल. जाळी बारीक करत गेलं की ते वाढत जातं. मी दोनदा बारीक केली. हे हलत नाही जागचं. हे खरं आहे.”

ल्युबेन तिला परत आपल्या खोलीत घेऊन गेला. मग दार लावून घेतलं. “हे बघ, सोमवारी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. मंगळवारी वकिलाशी बोलतो, मग रीतसर लिहू. तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही.”

“अरे, पण माणसं चढतात त्यात!”

“हिशेबात वजन दुप्पट धरतात आपल्याकडे, माहीत आहे ना? तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय? आणि एक सांगतो, तू आज फोन केलास ना, तर हे ऑफिस बंद समज. मग तू आणि मी, दोघं चीज कापू.”

चीज त्याने सहज म्हटलं की मुद्दाम, देव जाणे. पण बरोबर जागी लागलं. रुम्याना पर्स उचलून घरी गेली.

सुट्टी आमच्या देशात होती. ऑस्ट्रियातल्या सफरचंदांना नव्हती.

शनिवारी सगळ्या त्राकियात भाजलेल्या मिरच्यांचा वास भरला होता. हिवाळ्याची बेगमी. बाल्कनीबाल्कनीत उभ्या भट्ट्या तापलेल्या. इल्को मिरच्या भट्टीत सोडत होता, रुम्याना सालं काढायला बसली होती.

“अगं, साल काढ म्हटलं, मिरची कुस्करायला नाही सांगितली,” इल्को म्हणाला. “काय बिनसलंय तुझं?”

तिने सांगून टाकलं. त्याने चिमट्याने एक मिरची उलटली, दुसरी उलटली.

“ल्युबेन मंगळवार म्हणाला ना? मग मंगळवार. तू काय पोलीस आहेस?”

“आणि कोणी पडलं तर?”

“आणि नाही पडलं तर? फुकटची नोकरी घालवशील. या वयात कोण दारात उभं करणार आहे तुला?”

त्याला तरी कुठल्या तोंडाने दोष द्यायचा? तिला हेच ऐकायचं होतं. रविवारी दुपारी तिने फोन हातात घेतला, ‘यंत्र थांबव’ असं लिहिलं आणि पुसलं. संध्याकाळी पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. ती भ्याली होती. यापेक्षा मोठं, सांगण्यासारखं कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी तिला ते सोसवेना. ल्युबेन गेला खड्ड्यात, म्हणून तिने फोन उचलला, आणि तेवढ्यात तोच वाजला. राईनहोल्ड होता.

“काको, हात मोडला.”

“कुणाचा?”

“पाळण्याचा. बाई होती वर. तुमच्याकडचीच आहे, पेरुश्तित्साची. जिवंत आहे, पण पाय हलत नाहीत म्हणतायत.”

मग तिने त्याला फटीचं सांगितलं.

“मी नाही म्हणालो होतो गं,” तो म्हणाला. “तुमच्यासारखं. तुला पटकन कळावं म्हणून.”

“आणि मी तुमच्यासारखं समजले.”

दोघंही रडले. शुक्रवारचं मात्र तिने त्याला सांगितलं नाही.

पुढे चौकशी झाली. ल्युबेनने कानावर हात ठेवले. गिऱ्हाइकाने कॉलवर संमती दिली होती, असं वकिलाकडून लिहवून घेतलं. ते अगदीच खोटंही नव्हतं, हीच त्यातली लबाडी. राईनहोल्डची नोकरी गेली. व्हिएन्नाहून आलेल्या तपासनिसाने रुम्यानाची फाइल उघडली, माउसने फिरवून चारी बाजूंनी बघितली आणि म्हणाला, “बाई, इतकी सुंदर जाळी मी फार कमी वेळा पाहिली आहे.” मनापासून म्हणाला बिचारा. ती बाहेर गेली आणि स्वच्छतागृहात तिला उलटी झाली.

नोकरी टिकली. पण काम होईना. समोर फट आली की हात थांबे. ही खरी की खोटी? केसाएवढ्या फटीसाठी ती गिऱ्हाइकाला चार चार वेळा विचारी, लेखी मागे. फाइली तुंबल्या. तिला शिंपीण म्हणायचं सगळ्यांनी आपोआप सोडलं. रात्री इल्को शेजारी घोरत असे आणि ती छताकडे बघत पडलेली असे. शुक्रवारचं ठाऊक नसल्याने सगळे तिला भलत्याच चुकीसाठी माफ करत होते, हे तिला खाऊ लागलं. ऑफिसातल्या पोरी पाठीवरून हात फिरवत, “मानेची चूक गं काको, त्याला तू तरी काय करणार!” त्या हाताखाली तिचं अंग आखडून जाई.

नोव्हेंबरात ती बसने पेरुश्तित्साला गेली. मांडीवर कापडात गुंडाळलेलं बनित्साचं ताट, पहाटे उठून पिठाच्या पापुद्र्यांत चीज घालून भाजलेलं. मिंका नावाची ती बाई तिशीची होती. शेगडीजवळ खाट लावलेली, पायांवर गोधडी, उशाशी टीव्हीचा रिमोट. नवरा कामावर गेला होता. रुम्यानाने आपण कोण ते सांगितलं.

“म्हणजे कॉम्प्युटरवाल्या मावशी तुम्हीच! बसा, बसा,” मिंका म्हणाली. “तो राईनहोल्ड आला होता. एवढा मोठा बाप्या, ढसाढसा रडला. मान हलवण्यात घोळ झाला म्हणाला. खरं सांगू? मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आता मान अशी हलली की तशी, यावरून माणूस कुणावर राग धरणार? तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”

तिने स्वतः हात लांब करून बनित्साचा तुकडा तोडला, खाल्ला, छान झालंय म्हणाली. रुम्यानाला वाटलं, आता उठावं आणि जावं. कोणी काही विचारलं नव्हतं. कधी विचारणारही नव्हतं.

“मला आधी कळलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“फट खरी आहे ते. फोटो आला तेव्हा. तू पडलीस त्याच्या आधीच्या शुक्रवारी.”

मिंका चावायची थांबली. “शुक्रवारी?”

“मालक म्हणाला मंगळवारपर्यंत थांब. मी थांबले.”

मिंकाने तोंडातला घास गिळला. ती छताकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखी बोलू लागली. “शनिवारी दिवसभर मी वर होते. रविवारी जेवणापर्यंत. सोमवारी सकाळी मुकादम बाईने विचारलं, शिडी घेतेस की पाळणा. मी म्हटलं पाळणा. मला शिडीची भीती वाटते, मावशी. लहानपणापासून.”

शेगडीतलं लाकूड सरकलं.

“तुमच्याकडे त्याचा नंबर नव्हता?” मिंकाने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“होता.”

मिंकाने ताटावर कापड ओढलं, चारी टोकं नीट खोचली आणि हात पोचेल तितकं ते खाटेच्या कडेला सरकवलं.

“हे घेऊन जा,” ती म्हणाली.