पथ्याची सुट्टी

सत्त्याण्णव सालच्या मार्चमधल्या एका सोमवारी, सकाळी साडेआठ वाजता, सुप्याच्या वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर आमच्या मामांवर अन्याय झाला. बस नुकतीच रिकामी झाली होती. आम्ही सगळे कामगार खाली उतरलो होतो, आणि ज्या माणसाने आम्हाला नगरहून सुखरूप आणलं त्याच्या हातात मॅनेजरसाहेबांनी एक कागद ठेवला. वजन अठ्ठ्याण्णव किलो, रक्तदाब वाढलेला, सबब उद्यापासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही, गेटवर स्टुलावर बसायचं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हा वजन पंचाऐंशीच्या आत आणि रक्तदाब ताब्यात नसेल तर स्टूल कायमचं. मी हे सरळ लिहितो, कारण मला गोलगोल लिहायची सवय नाही. मी युनियनची पत्रकं लिहितो. आणि पत्रकातल्याइतक्याच जबाबदारीने सांगतो, की नगर ते सुपा या रस्त्यावर मामांसारखा ड्रायव्हर झाला नाही, आणि नगर शहरात त्यांच्यासारखा मिसळीचा जाणकार पुन्हा होणार नाही.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या वस्तीतल्या निम्म्या लोकांना ते नात्याने मामा लागतात आणि उरलेल्यांनी चौकशी न करता तसंच म्हणायला सुरुवात केली. बसमध्ये चढताना 'जय भीम, मामा' म्हणावं, तर ते हात स्टिअरिंगवरून न काढता नुसत्या भुवया उचलत. हात काढला तर बसला राग येतो अशी त्यांची समजूत होती. बसला ते बाई म्हणत. "चल बाई, केडगाव आलं." "बाई, पुढं खड्डा हाय, दमानं." कामरगावच्या घाटात तर गाडीत कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा त्यांचा कायदाच होता. एकदा मागच्या बाकावर मी बोनसच्या मागणीवर बोलत होतो, मुद्दा ऐन रंगात आलेला, आणि मामांनी घाटातच बस कडेला घेऊन उभी केली. "पुढारी," ते आरशातून म्हणाले, "तुमच्या भाषनानं तिचं ध्यान जातंय. तुमी खाली उतरून बोला, आमी वर जाऊन थांबतो." सगळी बस हसली. मॅनेजरला जे कधी जमलं नाही ते मामांनी करून दाखवलं: मी गप्प बसलो.

जगातली प्रत्येक गोष्ट ते गाडीच्या मापाने मोजत. पुतणीसाठी स्थळ पाहून आले की, "बॉडी झकपक, इंजान थंड." माझं पत्रक वाचून झालं की, "पिकप लई भारी, पन ब्रेक न्हाई." असा माणूस स्टुलावर बसवला म्हणजे काय केलं हे मॅनेजरसाहेबांना कळलं नसेल, मला कळत होतं. पहिल्या दिवशी नवीन ड्रायव्हरने गेटमधून बस आत आणली तेव्हा मामा स्टुलावरून उठून उभे राहिले आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उजवा पाय जमिनीवर दाबत राहिले. ब्रेक लावत होते बिचारे.

पथ्याला मात्र मामा असे भिडले की त्या पथ्याचीच दया यावी. कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. त्याने सांगितलं, तेल-तिखट-गोड बंद, भाकरी आणि पालेभाजी खा, रोज चाला, आठवड्यातून एखाद दिवस थोडं सैल सोडलं तरी चालेल. मामांनी आठवड्यातले सहा दिवस अक्षरशः पाळले. स्वतः पाळले ते ठीक, पण गेटवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डबे उघडायला लागले. "एवढं तेल? मानूस हायेस का डिझेल इंजान?" पॅकिंग खात्यातल्या एका बाईने वांग्याचं भरीत आणलं होतं, त्यावर मामांनी इतका उपदेश केला की ती बाई दुसऱ्या दिवसापासून मागच्या गेटने यायला लागली. खिशात रुमालाच्या जागी काकडी. वजन करायचं ते दवाखान्यातल्या काट्यावर नाही. "त्यो काटा मालकाचा हाय" म्हणून मामा कांदा मार्केटमध्ये जाऊन, हमालांच्या रांगेत उभे राहून, पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या तोलायच्या काट्यावर चढत. पहिल्या दिवशी हमाल ओरडला होता, "दोन गोन्या, दोन किलो कमी!" पहिला महिना मामांनी आम्हाला आकडे सांगितले. नंतर हमालाला शपथ घातली आणि आकडा कुणाला कळेना.

सातवा दिवस रविवार. त्या दिवशी पथ्याला सुट्टी. डॉक्टरच्या 'थोडं सैल' या शब्दांचा अर्थ मामांनी असा लावला, की शहरातल्या चार मिसळी चाखायच्या, एका दिवसात, पायी. बरोबर मी आणि सुभाष. सुभाष छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. माझी पत्रकं तोच जुळवतो आणि जुळवता जुळवता माझ्या चुका मोठ्याने वाचून दाखवतो. सकाळी आठला मामींच्या हातचा बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि निघायचं. माळीवाड्याच्या स्टँडाजवळून सुरुवात, मग चितळे रोड, मग दिल्ली दरवाजा आणि दुपार व्हायच्या आत सावेडी. प्रत्येक ठिकाणी तीन प्लेटी. प्लेटी आल्या की मामा डोळे मिटून आधी वास घेत, मग चमच्याच्या टोकावर तर्री घेऊन जिभेला लावत, आणि मालकासमोर, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा निकाल देत. "सुरुवातीला पळती, पन घाटात दम टाकंल." "मटकी कच्ची हाय, टायरात हवा कमी." दिल्ली दरवाज्याच्या मालकाला तर एकदा म्हणाले, "शेठ, सायलेन्सर फुटलाय. नुसता आवाज. चव मागं ऱ्हायली." शेठ चिडले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी मसाला बदलला आणि मामांच्या तोंडाकडे बघत काउंटरमागे उभे राहिले. मामांनी चमचा जिभेला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता सुटली बाई." शेठनी दोन सॅम्पल फुकट पाठवली.

आणि निकाल दिला की मामा लगेच माझ्याकडे वळत. "बोला पुढारी, ह्या म्हागाईबद्दल तुमचं काय म्हननं हाय?" आता मला असं कुणी विचारलं तर मी काय करणार? मी बोलायचो. पाव तोडत, रस्सा ओढत, कपाळावरचा घाम पुसत बोलायचो. माळीवाड्याला महागाई, चितळे रोडला कंत्राटी पद्धत, दिल्ली दरवाज्याला प्रॉव्हिडंट फंड. सावेडीपर्यंत मुद्दे संपायचे आणि प्लेटीही संपलेल्या असायच्या. सुभाष बोलत नसे; तो नुसता जेवे आणि "बरोबर आहे" म्हणे.

जून उजाडला तसे मला हे रविवार नकोसे व्हायला लागले. मंगळवारी अकरा वाजता तपासणी, आणि आदल्या रविवारी मामा नेहमीसारखे आठला दारात, पायात चप्पल. मी सरळ सांगितलं, "मामा, आज नको. परवा काट्यावर उभं राहायचंय."

"सुट्टी हाय आज."

"एक सुट्टी सोडली तर काय बिघडतं?"

"हक्काची सुट्टी सोडायची न्हाई, आसं कुनी लिव्हलंय?" मामांनी खिशातून माझंच पत्रक काढलं. "ठळक अक्षरात हाय. सुभाष, हाय का न्हाई?"

"आहे," सुभाष म्हणाला. "मीच जुळवलंय."

मी मामींकडे पाहिलं. मामी चहाच्या कपबशा गोळा करत होत्या. "जावा की घिऊन," त्या म्हणाल्या, "तुमाला काय तरास हाय?" आपल्या नवऱ्याची नोकरी पणाला लागलेली असताना ही बाई इतकी शांत कशी, याचा मला संताप आला. त्या दिवशी चारही ठिकाणी मी चिडून खाल्लं, आणि चिडलेला माणूस जास्त खातो.

सोमवारी मी माझं कर्तव्य केलं. अन्याय झाल्यावर पत्रक काढण्यात दोन दिवस जातात, तोवर लोक विसरतात. तेव्हा हे पत्रक अन्यायाच्या आधीच तयार असलं पाहिजे, असा मी विचार केला. संध्याकाळी छापखान्यात बसून सुभाषकडून जुळवून घेतलं. 'जाहीर निषेध! आज मंगळवारी सकाळी अकरा वाजता एका निष्ठावंत चालकाला वजनाचं निमित्त करून कायमचे स्टुलावर बसवण्यात आले!' खाली मागण्या. पाचशे प्रती, शाई ओली, गठ्ठा दोरीने बांधून मी मंगळवारी बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो.

अकरा वाजता निम्मं खातं दवाखान्याच्या खिडकीशी जमलं. आत मामा बनियनवर काट्यावर उभे होते. डॉक्टर खाली वाकला. मग चष्मा पुसला आणि परत वाकला. मग हाताला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, एकदा, दोनदा. माझ्या हातातली दोरी मी इतकी ओढली की गठ्ठा सुटला. डॉक्टर मॅनेजरसाहेबांना म्हणाला, "चौऱ्याऐंशी. प्रेशर चांगलं आहे. लावा यांना गाडीवर."

 मी तिथेच पायरीवर बसलो. तीन महिने छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेला असं वाटलं. आजूबाजूला पाचशे निषेध वाऱ्याने उडत होते आणि पॅकिंगमधल्या पोरी ते गोळा करत हसत होत्या. मामा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. त्यांनी एक प्रत उचलली, सावकाश वाचली आणि मला विचारलं, "पुढारी, ह्यात माझा सत्कार कुठल्या वळीत हाय?"

त्या संध्याकाळी बस मामांनी नेली. घाटात कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. बारा-तेरा रविवार, दर रविवारी चार मिसळी, आणि वजन चौदा किलो कमी? हे विज्ञानात बसत नव्हतं. पुढच्या रविवारी मामांनी आम्हाला माळीवाड्याऐवजी कांदा मार्केटला नेलं. म्हणाले, "चढा." मी काट्यावर चढलो. मार्चमध्ये पोलीस भरतीची माहिती काढताना मी वजन केलं होतं, छप्पन्न. आता हमाल ओरडला, "बासष्ट!" सुभाष चढला. त्याला त्याचं जुनं वजन पाठ होतं, आणि तो आठ किलोंनी वाढला होता. सहा आणि आठ, चौदा. मामा कमरेवर हात ठेवून उभे होते. "माझं वजन जानार कुठं?" ते म्हणाले. "हितंच हाय, तुमच्या दोघांत."

तेव्हा मला ते सगळे रविवार नीट दिसले. चमच्याचं टोक जिभेला, निकाल, माझ्याकडे एक प्रश्न, आणि मी महागाईवर बोलत असताना अलगद पुढे सरकणारी तिसरी प्लेट. माझी संपली की मी तीच ओढून घेत होतो, आणि मला वाटायचं की शेठ वाढून देतात. सुभाषला पहिल्यापासून माहीत होतं. "मग सांगितलं का नाहीस?" मी ओरडलो. तो म्हणाला, "तू बोलत होतास."

मी मामांना विचारलं, खायचीच नव्हती तर पायपीट कशाला? घरी बसायचं होतं. मामांनी एका गोणीवर बैठक मारली. मग म्हणाले, "सहा दिस एकट्यानं भाकर-भाजी खाल्ली की मानूस आंबट व्हतो, पुढारी. गेटवर मी कसा झाल्तो, बगितलं न्हाई का? लोकांचे डबे उघडायला लागलो. कुनीबी मला संगं बोलवंना. म्हनायचे, मामांना चालत न्हाई. रईवारी तुमी दोगं समोर बसून वरपायचा, तवा वाटायचं, आपुनबी मान्सातच हाय."



गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले आणि राहात्याला लेकीकडे गेले. शेवटच्या दिवशी बस गेटमध्ये लावून त्यांनी तिच्या पत्र्यावर हात फिरवला, एवढंच. मी आणि सुभाष अजून कधीमधी रविवारी निघतो, पण माळीवाड्याला एक प्लेट झाली की आमची पावलं घराकडे वळतात. मिसळ तीच आहे. घाटात दम टाकते की नाही हे आता कोण सांगणार? परवा लेकीने पत्र पाठवलं. मामांचं वजन ठीक आहे, पण रविवारी ते ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहतात, कारण तिथले लोक त्यांना कुठे बोलवत नाहीत. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला पथ्य आहे.

म्हणून राहात्यातल्याच नव्हे, प्रत्येक गावातल्या वाचकाकडे माझी एकच मागणी आहे आणि ती मी मागे घेणार नाही. तुमच्या गल्लीत पथ्यावरचा एक माणूस आहे. तो कोण, तुम्हाला ठाऊक आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता त्याच्या दारात जा. 'तुम्हाला चालत नाही ना' असं एका शब्दाने म्हणू नका. त्याला चालवत घेऊन जा, बाकावर मधे बसवा, त्याच्यासमोर भरलेली प्लेट ठेवा, आणि तो ती तुमच्याकडे सरकवायला लागला की दुसरीकडे बघा आणि मुकाट्याने खा.